कवडशापासून हळदीच्या ठशापर्यंत: घरातल्या छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

घराबाहेर न पडता छायाचित्रणाचे कोणते प्रयोग करता येतील, याविषयीच्या आपल्या शंका कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: घरात टिपण्याजोगे असते तरी काय? या शंकेचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले सर्वांत जुने दृश्य म्हणजे फ्रान्समधील निसेफोर नीएप्स यांनी १८२६ किंवा १८२७ साली आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून टिपलेली आसपासची छपरे होत. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये केलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्हही त्यांच्या लेकॉक ॲबी या राहत्या घरातील एका जाळीदार खिडकीचेच आहे. दोघेही खिडकीपाशीच थांबले, कारण त्या काळच्या मंद रसायनांना पुरेल इतका उजेड तेथेच होता. घरात विषय शोधत फिरण्यापेक्षा आधी उजेड शोधावा, असे मला मनापासून वाटते, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

डोंबिवली येथील एक वाचक विचारतात: आमची जागा दोन खोल्यांची असून रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी आहे. घरात काढलेली छायाचित्रे सपाट आणि पिवळट येतात. ट्यूबलाइट लावूनही फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम ती ट्यूबलाइट बंद करावी. एकच खिडकी असणे ही अडचण नसून सोय आहे. उजेड एकाच बाजूने आला की वस्तूची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि या चढउतारामुळेच तिला गोलाई व खोली येते. छताजवळच्या दिव्याचा उजेड ही सावली पुसून टाकतो, म्हणून चित्र सपाट दिसते. पिवळटपणाचे कारण निराळे आहे. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान (उजेड किती निळसर वा पिवळसर आहे याचे माप; आकडा मोठा, तितका उजेड निळसर) साधारण ५५०० केल्विन, पांढऱ्या एलईडी दिव्याचे बहुधा ६५०० केल्विन आणि पिवळसर दिव्याचे २७०० केल्विनच्या आसपास असते. आपले डोळे व मेंदू हा फरक नकळत सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकाच प्रकारचा उजेड पांढरा मानता येतो, आणि दोन उजेड मिसळले की त्यांपैकी एक निळा किंवा पिवळा होऊन चित्रात उतरतो. त्यामुळे दिवसा छायाचित्र काढताना घरातील सगळे दिवे मालवून केवळ खिडकीवर भिस्त ठेवावी.

सरावासाठी लसणाचा एक गड्डा घ्यावा. तो स्टुलावर ठेवून खिडकीपासून दोन फुटांवर एक छायाचित्र काढावे आणि मग सहा फुटांवर दुसरे. दुसऱ्या चित्रात उजेड किती झपाट्याने मंदावतो आणि सावलीची कड कशी अधिक स्पष्ट होते, ते लगेच दिसेल. त्यानंतर स्टूल हलवू नये, आपण हलावे. खिडकीकडे पाठ करून, मग खिडकी डाव्या हाताला ठेवून आणि शेवटी खिडकीकडे तोंड करून, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. तिसऱ्या चित्रात उजेड लसणाच्या पापुद्र्यांमधून आरपार येईल आणि रोज फोडणीला टाकतो तोच गड्डा एखाद्या कंदिलासारखा आतून पेटल्यासारखा दिसेल. सावलीची बाजू फारच काळी वाटत असेल, तर त्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करावा. उलट ती अधिक गडद हवी असेल, तर तेथे काळी छत्री उघडून ठेवावी. खिडकीतून थेट ऊन येत असल्यास गजांवर जुने पांढरे धोतर एकपदरी टाकावे. इतका मऊ उजेड देणारे उपकरण बाजारातून विकत आणण्याची गरज नाही.

एका खिडकीत किती काळ मन रमू शकते, हे पाहायचे असेल तर प्राग शहरातील योसेफ सुडेक यांचे काम अवश्य पाहावे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या छायाचित्रकाराने १९४० पासून जवळजवळ चौदा वर्षे आपल्या छोट्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची छायाचित्रे काढली. कधी काचेवर दव साचलेले, कधी हिमाची नक्षी उमटलेली, कधी बाहेरचे वाकडे झाड धूसर झालेले. आपल्याकडे हिमाची नक्षी नसली, तरी जून ते सप्टेंबर तावदानावरून ओघळणारे पाणी आहे, आणि त्या पाण्यामागे रस्त्यावरचे रिक्षांचे दिवे आहेत.

लातूर येथील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रश्न: माझ्याकडे केवळ साधा मोबाइल आहे. तो पुरेल का?

उत्तर: पुरेल. मात्र प्रत्येक वेळी लेन्स मऊ सुती कापडाने पुसावी, कारण घरात मोबाइलला तेलकट बोटे लागतातच आणि धूसर चित्रांमागे अनेकदा तेवढेच कारण असते. मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या चळतीला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. पडद्यावर वस्तूच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून उजेडाची पट्टी किंचित खाली ओढण्याची सवय लावून घ्यावी.

कणकवली तालुक्यातील आठवीच्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे: ताई, आमच्या जुन्या घराच्या कौलांमधून दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. कौलांमधली फट वेडीवाकडी असते, तरी कवडसा गोल कसा पडतो? आणि त्याचा फोटो कसा काढायचा?

उत्तर: या महिन्यातले मला सर्वांत आवडलेले पत्र तुझे आहे. माझे बालपण अशाच कौलारू घरात गेले, आणि माजघरातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर सरकत जाणारे कवडसे पाहत मीही हाच प्रश्न मनात घोळवत असे.

तो गोल कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण त्या बारीक फटीतून शिरतो आणि जमिनीवर आपापल्या जागी पोहोचतो. असे असंख्य बिंदू शेजारीशेजारी पडून सूर्याची तबकडी तयार होते. फट जर पुरेशी लहान असेल आणि जमीन पुरेशी दूर, तर फटीच्या आकाराला काही महत्त्व उरत नाही. तू हे स्वतः पडताळून पाहा. कोऱ्या कागदाला फटीच्या अगदी जवळ धरता आले तर त्यावर फटीचाच वाकडा आकार दिसेल, आणि कागद जसजसा खाली आणशील तसतसा तो आकार गोल होत जाईल. शिडीवर चढायचे असल्यास घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट अंतरावर आहे. म्हणून फट जमिनीपासून सव्वातीन मीटर उंच असेल, तर कवडसा साधारण तीन सेंटिमीटर रुंद पडतो, आणि फटीची रुंदी त्यात थोडी मिसळते. ऊन कलले की तोच कवडसा लांबट होतो.

सूर्यग्रहणाच्या दिवशी हे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. १५ जानेवारी २०१० आणि २६ डिसेंबर २०१९ या दोन्ही दिवशी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसले, तेव्हा झाडांखाली आणि पडव्यांमध्ये शेकडो कोरी पसरल्या होत्या. अकराव्या शतकातील अरब विद्वान इब्न अल-हैथम यांनी ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून पडणाऱ्या याच कोरीचा अभ्यास केला होता. पुढचे ग्रहण येईल तेव्हा सूर्याकडे मुळीच न पाहता, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवरच्या कोरी टिप.

आता छायाचित्राचे सांगते. मोबाइल कवडशावर धरलास की तो काळोख्या जमिनीच्या हिशेबाने उजेड वाढवतो आणि कवडशाचा पांढराफटक डाग होतो. म्हणून कवडशावरच बोट टेकव आणि उजेड बराच कमी कर. जमीन काळी झाली तरी चालेल. कवडशात आजीचा हात, तांदळाचे सूप, मांजराचे कान असे काही येऊ दे. वरून येणारी तिरीप दिसायला हवी असेल, तर खोलीत लांब कोपऱ्यात उदबत्ती लाव आणि पंखा बंद ठेव. धुराचे कण त्या तिरिपेत चमकू लागतात आणि कौलापासून जमिनीपर्यंत उजेडाचा सरळ दांडा उभा राहतो.

याच तत्त्वावर संपूर्ण खोलीचाच कॅमेरा करता येतो. ज्या खिडकीबाहेर उन्हात न्हालेले झाड किंवा रस्ता आहे, ती पुठ्ठ्याने आणि काळ्या कागदाने पूर्ण झाक, दाराच्या फटीत चादर कोंब आणि पुठ्ठ्यात सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पाड. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांध. आत गेल्यावर दहा मिनिटे काहीही न करता बसून राहा, कारण डोळ्यांना काळोखाची सवय होण्यास तेवढा वेळ लागतो. हळूहळू चादरीवर बाहेरचे झाड उलटे लटकलेले दिसू लागेल, आकाश खाली आणि अंगण वर, आणि वाटेने जाणारा माणूस डोके खाली करून चालताना दिसेल. भोक मोठे केलेस तर चित्र उजळ पण पुसट होते, लहान केलेस तर रेखीव पण अंधूक होते. मोबाइल स्टुलावर घट्ट टेकवून प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे हिशेब आपल्या हाताने ठरवता येतात त्या सोयीत, शटरची वेळ दहा ते तीस सेकंद ठेव आणि टायमर लावून बाजूला हो.

घरात आजोबांचा वाचायचा जुना चश्मा असेल आणि त्याचा नंबर अधिक १ असेल, तर त्याची एक काच भोकासमोर धरून एक मीटर अंतरावर पांढरा कागद धर. अधिक २ नंबराच्या काचेला अर्धा मीटर पुरेल. चित्र एकदम स्वच्छ होईल, कारण चश्म्याचा नंबर म्हणजे मीटरमधील नाभीय अंतराचा (दूरच्या वस्तूचे चित्र काचेपासून जेवढ्या अंतरावर स्वच्छ उमटते, त्याचा) व्यस्तांक असतो. हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढे येईलच, पण ते आधी डोळ्यांनी पाहिलेले बरे.

सांगली येथील एक निवृत्त शिक्षिका लिहितात: कॅमेऱ्याशिवाय, केवळ सूर्यप्रकाशाने छायाचित्रे करता येतात असे वाचले होते. नातवंडांबरोबर घरी करता येईल, असा निर्धोक प्रकार सुचवावा.

उत्तर: आपण हळदीच्या पेठेत राहता, त्यामुळे आपल्याला सांगण्यास विशेष आनंद होतो की, त्यासाठी लागणारे मुख्य द्रव्य आपल्या फोडणीच्या डब्यातच आहे. हळदीचा डाग पडलेले कपडे धुऊन उन्हात वाळत घातले की डाग उडून जातो, आणि त्याच डागावर साबण लागला की तो लालभडक होतो, या दोन गोष्टी आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहेत. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य उन्हाने विटते आणि अल्कधर्मी द्रव्याने लाल होते. या दोन गुणांवर संपूर्ण छायाचित्र उभे राहते.

एक चमचा हळद साधारण ५० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये नीट ढवळून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पिवळे द्रावण मलमलीतून गाळून घ्यावे. स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून व देवघरातल्या निरांजनापासून दूर करावे. मुलांच्या हाती ब्रश द्यावा तो त्यानंतर. चित्रकलेच्या जाड कागदावर हे द्रावण रुंद ब्रशने एकाच दिशेने फिरवावे, कागद काळोख्या खोलीत वाळवावा आणि दुसरा हात द्यावा. वाळलेल्या कागदावर नेच्याचे पान, कढीपत्त्याची डहाळी, तुळशीची मंजिरी किंवा जाळी पडलेले पिंपळपान ठेवावे आणि तसबिरीची काच वर दाबून चिमट्यांनी पक्की करावी. जास्वंदीची पाकळी किंवा रसाळ पान मात्र टाळावे, ते उन्हात पाणी सोडते आणि कागदावर ओघळ येतात. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात दोन ते चार तासांत उघडा भाग फिकट होतो. घाई करू नये. काचेच्या कडेला एक कोपरा पुठ्ठ्याने झाकून ठेवला, तर मूळ रंगाशी तुलना करून रंग किती विटला ते कळत राहते.

पान उचलल्यावर पिवळ्या रंगात त्याची आकृती दिसेल. आता अर्धा लिटर पाण्यात एक चमचा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून त्यात कागद बुडवावा. हा क्षण मुलांना जरूर पाहू द्यावा, कारण पानाखाली झाकला गेलेला पिवळा भाग पाहता पाहता तांबूस तपकिरी होतो आणि पानाची प्रत्येक शीर उठून दिसते. टाकणखार तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावी, आणि त्यासाठी वापरलेली थाळी पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

या चित्राला पक्के करण्याचा उपाय नाही. उन्हाने ते जसे झाले, तसेच उन्हाने विटत जाते. म्हणून ते भिंतीवर न लावता वहीत मिटून ठेवावे आणि स्मरणासाठी मोबाइलवर एक प्रत काढून घ्यावी. वनस्पतींच्या रसांवर होणारा उन्हाचा परिणाम इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली तपासला होता. त्याच वर्षी त्यांनी लोहक्षारांपासून निळी चित्रे करण्याची रीत शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी त्या रीतीने समुद्रशेवाळांच्या निळ्या ठशांचे पुस्तक सिद्ध करण्यास प्रारंभ केला. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. त्यासाठीची रसायने वेगळी आणावी लागतात. आपण हळदीपासून सुरुवात करावी.

नाशिकहून एक वाचक विचारतात: मटकीला मोड येतानाची चित्रफीत मोबाइलवर करण्याचा प्रयत्न केला, परंतु उजेड सारखा लुकलुकतो आणि मधूनच दृश्य धूसर होते. काय चुकले असावे?

उत्तर: आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नेमका हाच प्रयोग केला होता, याची आपल्याला कदाचित कल्पना असेल. १९१२ साली लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून परतल्यावर चित्रपटासाठी भांडवल उभे करणे त्यांना अवघड जात होते. तेव्हा त्यांनी घरीच कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा जागचा हलू न देता दिवसामागून दिवस त्या अंकुराची एकेक चौकट टिपली, आणि महिनाभराची वाढ एका मिनिटाच्या आसपासच्या फितीत दाखवली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फीत पाहणाऱ्यांना पहिल्यांदाच रोप डोळ्यांदेखत उगवताना दिसले. आपला पहिला कथाचित्रपट पडद्यावर येण्याआधी त्यांच्या घरात हा वाटाणा वाढला होता, हे मला फार सुंदर वाटते.

आता आपल्या अडचणीकडे वळू. दिवस आणि रात्र मिळून उजेड बदलतो, ढग येतात, शेजारचा दिवा लागतो, आणि मोबाइल दर वेळी नवा हिशेब करतो. लुकलुक होते ती त्यामुळे. या एका प्रयोगात खिडकीचा मोह टाळावा. खिडकीवर जाड पडदा ओढून एकच एलईडी दिवा अखंड लावून ठेवावा. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात; शटरची वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास चित्रात पट्टे उमटत नाहीत. फोकस, उजेड आणि रंगाचे संतुलन या तिन्ही गोष्टी प्रो मोडमध्ये कुलूपबंद कराव्यात. फोकस मोकळा राहिला की मोबाइल मध्येच मागच्या भिंतीकडे पाहू लागतो, आणि आपली धूसर दृश्ये बहुधा तशीच झाली असावीत.

फडक्यात बांधलेली मटकी टिपता येत नाही, म्हणून काचेच्या पेल्यात ओला कापूस भरून काच व कापूस यांच्यामध्ये भिजवलेले दहाबारा दाणे अडकवावेत. दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे ३६ तासांत २१६ छायाचित्रे होतात, आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्यास नऊ सेकंदांची फीत मिळते. मोबाइल चार्जिंगला लावून विमान मोडवर ठेवावा आणि घरातल्यांना त्या टेबलाला धक्का न लावण्याची विनंती करावी. कापूस वाळू लागल्यास ड्रॉपरने पाणी सोडावे; पेला उचलू नये.

ठाणे येथून घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका भगिनी लिहितात: स्टीलच्या डब्याचे किंवा पितळी परातीचे छायाचित्र काढले की त्यात माझाच चेहरा आणि सारे स्वयंपाकघर दिसते.

उत्तर: चकचकीत भांड्याला स्वतःचे असे रूप नसते; त्यात भोवतालचेच रूप दिसते. म्हणून भांड्याऐवजी भोवताल सजवावा. दोन खुर्च्यांच्या पाठींवर पांढरी चादर टाकून भांड्याभोवती तंबू करावा, चादरीच्या बाहेरून खिडकीचा उजेड येऊ द्यावा आणि चादरीच्या फटीतून फक्त लेन्स आत डोकावू द्यावी. सगळेच पांढरे झाल्याने भांड्याच्या कडा हरवल्या, तर दोन्ही बाजूंना काळ्या कागदाची उभी पट्टी ठेवावी. त्या काळ्या रेषेने डब्याचा गोलवा परत येतो. चकली किंवा अनारसे यांचे पोत दाखवण्यासाठी उजेड बाजूने यावा. वाफाळत्या पुरणपोळीची वाफ मात्र मागून उजेड आणि पलीकडे गडद पार्श्वभूमी असेल तरच दिसते.

नागपूर येथील एका पालकाचा प्रश्न: मे महिन्यात दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. मुलांना दोन-तीन तास गुंतवून ठेवील, असा रंगीत प्रयोग आहे का?

उत्तर: कंपासपेटीतील पारदर्शक प्लास्टिकचे गुण्ये काढावेत. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून खोली काळोखी करावी आणि गुण्या पडद्यासमोर धरावा. मोबाइलच्या लेन्ससमोर ध्रुवीकारक (पोलराइज्ड) गॉगलची काच धरून ती हळूहळू फिरवली की एका स्थितीत सारा पडदा काळा पडतो, आणि त्या काळोखात गुण्या मात्र इंद्रधनुष्यी पट्ट्यांनी उजळून निघतो. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. प्लास्टिक साच्यात थिजताना त्यात जे ताण अडकून राहिले, ते या कंपनाची दिशा प्रत्येक रंगासाठी निराळी फिरवतात. कोपऱ्यांत आणि भोकांभोवती रंग दाटीवाटीने दिसतात, कारण ताण तेथे अधिक असतो. पारदर्शक चमचे आणि जुन्या कॅसेटच्या डब्याही याच पद्धतीने पाहाव्यात, आणि काचेवर सेलोटेपचे आडवेउभे थर चिकटवून मुलांना स्वतःची नक्षी करू द्यावी. घरातला गॉगल ध्रुवीकारक आहे की नाही, हे पडद्याकडे पाहत तो फिरवल्यास समजते. पडदा काळवंडला नाही, तर तो साधा आहे.

गॉगल नसल्यास काचेचा सपाट तळाचा बाउल दोन पेल्यांवर तोलून त्यात पाणी आणि खाद्यतेलाचे थेंब सोडावेत. खाली वीतभर अंतरावर रंगीत काठपदराची साडी पसरून तिच्यावर टेबललॅम्पचा झोत टाकावा आणि बरोबर वरून, तेलाच्या वर्तुळांच्या कडेवर फोकस ठेवून छायाचित्र काढावे. प्रत्येक थेंबात पदराचे रंग वेगळे वाकून येतात. भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकला की वर्तुळे फुटून नवी होतात.

कोल्हापूर येथील एक वाचक विचारतात: मुलांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्याचे छायाचित्र खेळण्यासारखे दिसते. तो खरा वाटावा, यासाठी काय करावे?

उत्तर: उभे राहून वरून पाहिले की किल्ला खेळणेच वाटणार. मोबाइल उलटा धरावा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, आणि पायथ्याच्या मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बुरुजाकडे पाहावे. फार जवळ जाऊ नये. जवळ गेल्यास मागचा भाग धूसर होतो आणि तीच धूसरता आकार लहान असल्याची चुगली करते. थोडे मागे सरून काढावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे. वेळ सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासाभराची असावी, म्हणजे मातीच्या प्रत्येक खडबडीतपणाला लांब सावली मिळते. अळीव उगवून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची हिरवळ रानासारखी दिसते. त्याआधी घाई करू नये.

इंदूर येथील एक ज्येष्ठ वाचक लिहितात: आमच्या घरी आजोबांच्या काळातील काचेच्या चौकटीतल्या तसबिरी आहेत. मुले परदेशी असतात, त्यांना प्रती पाठवायच्या आहेत. परंतु मोबाइलने काढल्यास काचेवर खिडकी आणि मी असे दोघेही उमटतो.

उत्तर: तसबीर भिंतीवरून उतरवून खिडकीच्या बाजूला, उजेड तिरका पडेल अशी टेबलावर आडवी ठेवावी. काळ्या कापडाला किंवा काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरते भोक पाडून त्यातून मोबाइलने पाहावे. काचेत मग त्या काळ्या कापडाचेच प्रतिबिंब पडते, म्हणजे काहीच दिसत नाही. मोबाइल तसबिरीशी अगदी समांतर असावा, नाहीतर चौकटीच्या कडा तिरक्या होतात. मोबाइलमधील पातळीदर्शक रेषा त्यासाठी सुरू करावी. वरचा पंखा बंद ठेवावा आणि फ्लॅश कधीही वापरू नये. जुने छायाचित्र काचेला चिकटलेले असल्यास ते ओढून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये, कारण दमट हवेत फुगलेला चित्राचा थर काचेबरोबरच निघून येतो आणि गेलेला चेहरा पुन्हा मिळत नाही. अशा तसबिरीची प्रत काचेसकटच काढावी.

जी छायाचित्रे सहज सुटी होतील, त्यांची मागची बाजूही टिपावी. तेथे अनेकदा स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव आणि कुणीतरी टाकाने लिहिलेली तिथी असते. ती अक्षरे पुसट झाली असतील, तर मोबाइलची विजेरी कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. लेखणीच्या दाबाने पडलेल्या खाचांत सावली भरते आणि शाई उडालेली नावेही वाचता येतात.